चौथा भिडू

‘तुमचा ग्रुप आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडे आता इतक्या ठिकाणी विचारला जातो की त्याचं कुणालाच काही वाटेनासं झालं आहे. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये विचारतात, ट्रेकची नावनोंदणी करताना विचारतात, ब्रिजच्या टेबलाशी विचारतात. गोल्फच्या काउंटरवर तर पहिला प्रश्न तोच. उत्तर ‘नाही’ असेल तर समोरचा माणूस फार सभ्यपणे हसतो आणि मग पुढे काही होत नाही. त्या हसण्याविरुद्ध मला बोलायचं आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: जिथे चौघांची जागा आहे आणि तिघेच आले आहेत, तिथली चौथी जागा त्या तिघांची नाही, ती येणाऱ्याची आहे.

या अंकाच्या बहुतेक वाचकांनी गोल्फची काठी हातात धरली नसेल, म्हणून थोडं सांगते. अठरा होलचं मैदान पार करायला साधारण चार तास लागतात. एका गटात जास्तीत जास्त चौघे, आणि दर आठ-दहा मिनिटांनी एक गट सोडतात. त्या सुटण्याच्या वेळेला ‘टी टाइम’ म्हणतात. उजेडाचे तास ठरलेले, म्हणून टी टाइमही मोजकेच. सकाळी सात दहाची वेळ दोघांनीच अडवून ठेवली, तर उरलेल्या दोन जागा वाया गेल्या. त्या साठवता येत नाहीत, उद्यावर ढकलता येत नाहीत. म्हणून सार्वजनिक मैदानांवर पहिल्या टीपाशी ‘स्टार्टर’ नावाचा माणूस असतो. त्याचं काम हेच: दोघे इकडचे, एक तिकडचा, एक आत्ताच आलेला, असे चौघे जुळवायचे आणि सोडायचे. ओळख चालता चालता होते, नाही झाली तरी खेळ होतो.

ही सोय मागच्या दाराने आलेली नाही, खेळाच्या थेट माहेरघरी ती पाळली जाते. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे जगातलं सर्वांत नावाजलेलं मैदान. ते कुठल्याही क्लबाच्या मालकीचं नाही. सार्वजनिक जमिनीवर आहे, एका ट्रस्टकडे त्याची व्यवस्था आहे, आणि रविवारी खेळ बंद ठेवून गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात. रोजच्या बऱ्याचशा वेळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. एकटा माणूस या सोडतीत नसायचा, पण त्याला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. तो पहाटे, कधी कधी आदल्या रात्रीपासून, रांगेत उभा राहायचा आणि ज्या गटात जागा रिकामी असेल त्यात त्याला घेतलं जायचं. २०२४ पासून एकट्यांसाठीही वेगळी डिजिटल सोडत निघाली, म्हणजे रात्रभर कुडकुडण्याची गरज संपली. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या बेथपेज ब्लॅक या मैदानावर वेळ मिळावी म्हणून लोक रात्री गाडीतच झोपतात, आणि सकाळी ज्यांच्याबरोबर सोडलं जाईल त्यांच्याबरोबर खेळतात. २००२ साली अमेरिकेची खुली स्पर्धा याच मैदानावर झाली. म्हणजे अनोळखी माणसांना एकत्र सोडल्याने मैदानाचा दर्जा उतरतो, हा युक्तिवाद तिथल्या तिथे निकालात निघतो.

उलट मी म्हणेन की गोल्फ हा अनोळखी माणसाबरोबर खेळायलाच जणू बेतलेला खेळ आहे. कारणं दोन.

पहिलं कारण हँडिकॅप. टेनिसमध्ये माझ्यासारखी खेळाडू एखाद्या पट्टीच्या खेळाडूसमोर उभी राहिली तर दोघींचीही संध्याकाळ फुकट जाते. गोल्फमध्ये तसं होत नाही. तुमच्या कुवतीनुसार तुम्हाला काही फटक्यांची सूट मिळते आणि कच्चा-पक्का दोघेही एकाच हिशेबात येतात. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेत असत, त्याचाच हा आकडेमोडीने पक्का केलेला अवतार. २०२० पासून तर साऱ्या जगासाठी हँडिकॅपची एकच पद्धत लागू झाली, एरवी देशोदेशी सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. एवढा खटाटोप कशासाठी? घरच्या चार मित्रांना एकमेकांची कुवत तोंडपाठ असते, त्यांना जागतिक पद्धत नको असते. ती लागते ती पुण्याच्या माणसाला ब्राझीलच्या माणसाबरोबर खेळता यावं म्हणून.

दुसरं कारण मार्कर. स्ट्रोक प्ले प्रकारच्या स्पर्धेत तुमचा स्कोअर तुम्ही लिहीत नाही. तो दुसरा कुणी लिहितो, त्याच्यावर सही करतो, आणि मग तुम्ही तपासून सही करता. तुमच्या कामगिरीचा साक्षीदार तुम्ही निवडलेला नसतो, स्पर्धा समितीने तो शेजारी आणून उभा केलेला असतो. यात चुकाही होतात. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबेर्तो दि विसेन्झो या अर्जेंटिनाच्या खेळाडूने सतराव्या होलवर तीन फटके घेतले, मार्करने चार लिहिले, दि विसेन्झोने न तपासता सही केली, आणि बरोबरीची संधी कागदावरच हातून गेली. हे उदाहरण माझ्या विरोधात वापरलं जाईल हे मला ठाऊक आहे. पण अनोळखी माणसाचं लिहिणं डोळ्यांखालून घालावं, एवढाच त्याचा धडा आहे. अनोळखी माणूसच नको, असं त्यातून कुठेच निघत नाही. अनुवादक म्हणून मी रोज हेच करते.

आता आपल्याकडे वळू. मी गोल्फ शिकले ती नवी मुंबईत, नोकरीच्या काळात, सिडकोच्या खारघरच्या मैदानावर. सभासदत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतं, असं ठिकाण आपल्या देशात विरळा. भिलाईला परत आल्यावर कामानिमित्त मध्य भारतातल्या ज्या ज्या गावी जाते तिथे मैदान असेल तर चौकशी करते. अशाच एका क्लबात, बाहेरच्यांसाठीची फी भरायला तयार असताना, सकाळच्या वहीत सलग तीन वेळांपुढे दोन-दोनच नावं दिसत असताना, मला सांगण्यात आलं की आमचे मेंबर अनोळखी लोकांबरोबर खेळत नाहीत. सांगणारा तरुण बिचारा नोकरदार होता. त्याने दिलगिरीही व्यक्त केली. पण वाक्य पुन्हा वाचा. ‘खेळू शकत नाहीत’ असं तो म्हणाला नाही, ‘त्यांना खेळायचं नाही’ असंही म्हणाला नाही. ‘खेळत नाहीत’ म्हणाला. आमच्यात कांदा-लसूण खात नाहीत, या चालीवर.

ही चाल आपण ओळखली पाहिजे. ‘अनोळखी’ हा शब्द मराठीत वरवर निरुपद्रवी आहे. ज्याची ओळख नाही तो अनोळखी. मग ओळख करून घेतली की प्रश्न सुटावा. तो सुटत नाही, कारण आपल्याकडे ओळख म्हणजे नाव नव्हे. नाव सांगितल्यावर आपण थांबत नाही. आडनाव विचारतो, मग मूळ गाव, मग ‘म्हणजे कुठले?’ असं लांबवून विचारतो. हे सगळं कळलं की माणूस ओळखीचा होतो असं नाही, फक्त त्याला कुठे बसवायचं ते कळतं. जेवणाच्या पंगतीत जो पंक्तिप्रपंच आता उघडपणे करता येत नाही, तो वेळेच्या वहीत करता येतो. तिथे कुणी हरकत घेत नाही, कारण वहीत जातीचा रकानाच नाही. ‘ग्रुप’ एवढाच रकाना आहे.

मी अतिशयोक्ती करते आहे असं वाटत असेल तर खेळाच्याच इतिहासात डोकावू. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले फिरकी गोलंदाज. पूना क्लबात ते मैदानाची निगा राखायचे आणि इंग्रज साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. फलंदाजी मात्र त्यांना कुणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानात तोच चेंडू सवर्ण खेळाडूंच्या हातून त्यांच्या हातात येत होता. चहाच्या सुट्टीत मात्र त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. त्यांचे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले ते १९२३ साली, वर्षानुवर्षांच्या वादानंतर.

मुंबईत तर अख्खी स्पर्धाच ‘ग्रुप’वर चालत होती. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन, असे संघ. समुद्रकाठचे जिमखानेही त्याच हिशेबाने. ज्यांचा ग्रुप नव्हता त्या ख्रिस्ती, ज्यू वगैरे मंडळींसाठी १९३७ साली पाचवा संघ निघाला आणि त्याचं नावच ‘द रेस्ट’ ठेवलं. उरलेले. या उरलेल्यांकडून सांगलीचे विजय हजारे खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. सामना संघाने गमावलाच. ही स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली आणि आपण सुटकेचा श्वास सोडला. पण ‘उरलेले’ हा रकाना तेव्हा खोडला गेला नाही, तो फक्त छापायचा बंद झाला. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून आलेल्या एका खासी बाईंना जेवणाच्या दालनातून बाहेर जायला सांगितलं गेलं. त्यांनी जैनसेम हा आपला पारंपरिक पोशाख घातला होता आणि त्या ‘मोलकरणीसारख्या’ दिसतात असं म्हटलं गेलं. त्या निमंत्रित होत्या, कुणाच्या तरी सोबत आल्या होत्या, म्हणजे ग्रुप होता. तरीही.

मी हे भिलाईत बसून लिहिते आहे याला कारण आहे. आमचं गाव हेच मुळात स्टार्टरने जुळवलेलं गाव आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा हा भाग ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं तोवर राज्य बदललं होतं, राजधानी भोपाळला गेली होती, आणि देशभरातून माणसं येऊन दाखल होत होती. त्यांना सेक्टरांत क्वार्टर मिळाले ते यादीप्रमाणे. शेजारी कोण हवा हे कुणाला विचारलं नाही. मल्याळी कुटुंबाच्या भिंतीला लागून पंजाबी, वर तेलुगू, समोर बंगाली, कोपऱ्यावर आम्ही. माझ्या पिढीतली मुलं तीन-चार भाषा शिकली ती कुठल्या शाळेच्या धोरणामुळे नव्हे. अंगणात मेंढीकोट खेळायला चौथा भिडू लागायचा, आणि तो भिंतीपलीकडच्या घरातच मिळायचा. तो न आला तर तिघांत पाच-तीन-दोन खेळावं लागे, आणि त्या खेळात कुणी कुणाचा भिडू नसतो, प्रत्येक जण आपले हात मोजत बसतो. रशियन तज्ज्ञ आणि आपले इंजिनिअर यांच्यामध्ये उभे राहून दिवसभर बोलणारे दुभाषे तर कारखान्याच्या उभारणीचाच भाग होते. पोलादाच्या गावात अनुवादक होणं मला कधी विचित्र वाटलं नाही ते त्यामुळे.

पण भिलाईची आरती ओवाळायची नाही. ज्या गावांची जमीन या सगळ्यासाठी घेतली गेली, तिथल्या छत्तीसगढी माणसांना या अंगणात बराच काळ बाहेरचंच मानलं गेलं. कायम कामगारांच्या वसाहतीला लागूनच कंत्राटी कामगारांच्या वस्त्या वाढल्या आणि त्यांच्यासाठी यादी नव्हती. शंकर गुहा नियोगींची हत्या याच गावात २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झाली. १ जुलै १९९२ ला पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. आपल्या शेजारी कुणाला जागा मिळते आणि कुणाला मिळत नाही, हा प्रश्न या गावात फार महाग पडला आहे. म्हणून ज्या पिढीने सेक्टरात अनोळखी शेजारी मिळवले तिचीच मुलं आज ‘आमचा फिक्स ग्रुप आहे’ म्हणून संध्याकाळचं बॅडमिंटन कोर्ट मोबाइलवरून महिनाभर अडवून ठेवतात, तेव्हा मला ती साधी सोय वाटत नाही. चौघांतला एक येत नाही, तिघे आलटून पालटून खेळतात, आणि बाकावर रॅकेट घेऊन बसलेल्या नव्या मुलाकडे कुणी मान वळवत नाही. त्या मुलाचा बाप कंत्राटी असेल की नाही, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसतं. विचारायची वेळच येऊ द्यायची नाही, अशी ही व्यवस्था आहे.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत, आणि त्यांतले सगळे पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप: आठवडाभर राबल्यावर रविवारची सकाळ मित्रांबरोबर घालवायची, त्यात परक्याला का घ्यायचं? उत्तर: चौघे मित्र असाल तर खुशाल चौघेच खेळा, त्याला कुणाची ना नाही. माझा वाद दोघा मित्रांनी चौघांची जागा धरून ठेवण्याशी आहे. मैत्रीला एकान्त हवा असेल तर तिच्यासाठी घर आहे. मैदानाची वेळ हा सामाईक माल आहे, आणि या क्लबांची जमीनही पुष्कळदा सरकारी भाडेपट्ट्याची असते.

दुसरा आक्षेप: नवखा माणूस खेळ रेंगाळवतो. खरं आहे, रेंगाळवतो. पण ओळखीचेही रेंगाळवतात, आणि त्यांना कुणी बोलत नाही. अनोळखी माणूस शेजारी असला की निदान आपण चेंडू शोधण्यात पाच-पाच मिनिटं घालवायला लाजतो. खेळाच्या नियमांनी चेंडू शोधायला तीन मिनिटंच दिली आहेत. नियम पाळायला परका साक्षीदार फार उपयोगी पडतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मला बायकांकडूनच ऐकायला मिळतो: चार तास तीन परक्या पुरुषांबरोबर? हे मी हसण्यावारी नेत नाही. मलाही ते वाटलं आहे. पण दोन गोष्टी पाहा. ‘ग्रुप’ची अट बाईला सुरक्षित करत नाही, ती तिला घरी बसवते. ज्या गावात गोल्फ खेळणाऱ्या बायका दोन-तीनच, तिथे बाईचा ग्रुप कुठून होणार? या खेळाच्या शिष्टाचारात बराच काळ एकट्या खेळाडूला मैदानावर काही स्थानच नाही असं मानलं जाई, आणि क्लबांमध्ये तेच बाईबाबत मानलं जाई. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव केला तो २०१४ साली. म्यूरफील्डच्या क्लबाने २०१६ मध्ये तोच ठराव फेटाळला आणि खुल्या स्पर्धेचं यजमानपद गेल्यावर २०१७ मध्ये मंजूर केला. तेव्हा दार बंद ठेवण्याला बाईचं संरक्षण म्हणायचं, हे जुनंच सोंग आहे. दुसरी गोष्ट: स्टार्टरच्या वहीत चौघांची नावं असतात, पुढे-मागे गट असतात, कॅडी असतात. एखाद्याच्या वागण्यामुळे त्याच्याबरोबर खेळायला नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, बाईला तर आधी. तो हक्क वागण्यावरून वापरायचा असतो, वागणूक दिसायच्या आधी परकेपणावरून नव्हे.

चौथा आक्षेप माझ्या डाव्या विचारांच्या मित्रांचा: गोल्फसारख्या श्रीमंतांच्या, पाणी पिणाऱ्या, जमीन अडवणाऱ्या खेळात समतेची भाषा कशाला? शेकडो एकर हिरवळीवरची चौथी जागा म्हणजे काय मोठा मानवी हक्क? बरोबर, नाही. पण ज्या ठिकाणी दार सर्वांत घट्ट लावलेलं असतं तिथेच ते कसं लावतात हे नीट दिसतं. शिवाय हा खेळ श्रीमंतांचा आहे हेही अर्धंच खरं. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे दिल्लीत कॅडी म्हणून खांद्यावर पिशवी वाहत खेळ शिकले. मैदान ज्यांना सर्वांत चांगलं ठाऊक असतं ते कॅडी रोज चार तास या चौघांबरोबरच चालतात. त्यांना कुणी अनोळखी म्हणत नाही, कारण ते खेळत नाहीत, ओझं वाहतात. सोबत चालण्याला आपली हरकत नसते, बरोबरीने खेळण्याला असते. हे गोल्फपुरतं आहे असं ज्याला वाटतं त्याने आपल्या घरातला कपांचा रॅक उघडून पाहावा.

आणि हे आपल्याला अजिबात जमत नाही, असंही नाही. दुर्गहून पुण्याला आझाद हिंदने जाताना आरएसीचं तिकीट मिळालं की एका बाजूच्या बर्थवर दोन पूर्ण परके लोक अर्धे-अर्धे बसून जातात. पाय कुणी कुठे ठेवायचे, खिडकी कधी लावायची, हे अर्ध्या तासात ठरतं. रेल्वे कुणाला विचारत नाही की तुमचा ग्रुप आहे का. तक्ता लागतो, आपण बसतो. देश चालतो तो या तक्त्यावर. मग ज्या संध्याकाळी आपण हौसेने घराबाहेर पडतो तेवढ्यापुरताच हा तक्ता फाडून टाकायची घाई का?

आता या मासिकाच्या अंगणात येते, कारण इथेही वेळेची वही आहे. बहुभाषिक नियतकालिक म्हणजे काय? एका मुखपृष्ठाखाली अनेक भाषांचे विभाग. प्रत्येक विभागाचा आपला संपादक, आपले लेखक, आपले वाचक. मराठी विभाग मराठी माणसं वाचतात, बंगाली विभाग बंगाली. सगळे एकाच मैदानावर, पण दर दहा मिनिटांच्या अंतराने सुटलेले, एकमेकांच्या पाठी पाहत चाललेले. याला शेजार म्हणता येईल, सहवास म्हणता येणार नाही. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना आम्हाला वाटायचं की दोन साहित्यं शेजारी ठेवली की तुलना आपोआप होते. तसं होत नाही. कुणीतरी त्यांना एकाच वेळेला सोडावं लागतं.

आमच्या या भागात ते झालं आहे. माधवराव सप्रे हे मराठीभाषक. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, आणि पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. इथून तासाभरावर राजनांदगावच्या कॉलेजात १९५८ पासून शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलणारे आणि हिंदी कवितेचा नकाशा बदलणारे. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. या माणसांनी ‘आमचा ग्रुप’ म्हणून नागपूर-पुण्याकडे तोंड करून बसायचं ठरवलं असतं तर मराठीचं फार बिघडलं नसतं कदाचित, पण हिंदीचं आणि आपल्या शेजाराचं नक्की बिघडलं असतं.

साहित्यिक मंडळाचं चित्र वुडहाउसने १९२२ च्या ‘द क्लिकिंग ऑफ कथबर्ट’ या कथेत काढून ठेवलं आहे. गावचं साहित्यमंडळ एका थोर रशियन कादंबरीकाराचा सत्कार करतं. सगळे त्याच्यासमोर आपापली विद्वत्ता मांडतात, आणि कोपऱ्यात कुणी न विचारलेला एक गोल्फर उभा असतो. पाहुण्याला भेटायचं असतं ते नेमकं त्याच्याशी, कारण पाहुणा स्वतः गोल्फवेडा निघतो. मंडळाला हे ठाऊक नसतं, कारण आपल्याबाहेरच्या कुणाला कशात रस असेल हे विचारण्याची त्याला सवयच नसते. मराठी साहित्यातल्या किती मंडळांना आहे? पुस्तकाची प्रस्तावना मित्राची, परीक्षण मित्राचं, पुरस्काराच्या समितीत मित्र. स्कोअर आपला, मार्करही आपला. मग तीनचे तीनच लिहिले जातात, कधी कधी चारचेही तीन.

म्हणून माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत. क्लबांनी आणि क्रीडा हॉलांनी दर तासातली एक तरी वेळ एकट्यांसाठी खुली ठेवावी. चौघांपेक्षा कमी नावं असलेल्या कुठल्याही वेळेत येणाऱ्याला घेण्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला लेखी द्यावा, म्हणजे त्या बिचाऱ्याला दिलगिरीने हसावं लागणार नाही. महिनाभराचं सामूहिक आरक्षण बंद करावं. वागणुकीबद्दल तक्रारीची सोय ठेवावी आणि तिची तड लावावी. आणि हे मासिक ज्यांच्या हातात आहे त्यांनी प्रत्येक अंकात निदान एका लेखाला दुसऱ्या भाषेच्या विभागातल्या, त्या लेखकाला न ओळखणाऱ्या माणसाकडून उत्तर लिहून घ्यावं. निवड मैत्रीने नको, चिठ्ठी टाकून करावी. अनुवादाचं काम वाढेल. ते करायला आम्ही आहोत.

या लेखालाही तसंच उत्तर आलं तर बरं. ते तमिळमधून येवो की मणिपुरीतून, मला लिहिणाऱ्याचं आडनाव माहीत असायची गरज नाही. माझ्या आकड्यांत चूक असेल तर दाखवा. मी तपासून सही करेन.